चवथीच्या आठवड्यात फोन उचलायची रीतच बदलली

कुळागर

चवथ झाली, अनंतचतुर्दशीही झाली. आता निवांत बसून लिहिते.

माझे बाबा ७३ वर्षांचे. आमचं घर फोंडा तालुक्यात. चवथीला वाड्यावरच्या वीसेक घरांत गणपतीची पूजा सांगायला तेच जातात. पूर्वी आदल्या दिवशी घरोघर फिरून वेळ सांगून यायचे. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून "भटजी, कितीला येताय?" हे सगळं फोनवरच ठरतं. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, चवथ २७ ऑगस्टला होती. तिच्या चार-पाच दिवस आधी सकाळी बाबांचा फोन वाजला आणि त्यांना तो उचलताच येईना.

चार वर्षं ते एकाच रीतीने फोन उचलत आले: खालच्या गोलावर बोट ठेवायचं आणि वर सरकवायचं. त्या दिवशी गोलाच्या जागी एक आडवी पट्टी आली होती आणि मधलं बटण बाजूला सरकवायचं होतं. बाबा बोट वर सरकवत राहिले, फोन वाजून वाजून बंद झाला. दुसरा आला, तोही गेला. त्यांना वाटलं चंदन उगाळून बोटं कोरडी पडलीत, म्हणून ओल्या फडक्याला पुसून पुन्हा पाहिलं. मी पणजीला कामावर असते. सहा वेळा फोन लावला, शेवटी शेजारच्या काकींना लावला, तेव्हा त्यांच्या मुलाने जाऊन पाहिलं.

संध्याकाळी घरी गेले तर बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "फोन बिघडला नाही गो, माझा हातच चालेना झाला."

हे वाक्य मला अजून बोचतं. तोपर्यंत यजमानांचे अकरा फोन चुकले होते. आम्ही कुणी नवीन फोन घेतला नव्हता, "अपडेट" असं काही दाबलं नव्हतं. नंबरांची पानंही बदलली होती. आवडत्या नंबरांचं पान आणि आलेल्या-गेलेल्या कॉलचं पान वेगवेगळं असायचं, ती दोन्ही एकाच पानावर आली. बाबा नंबर नावाने शोधत नाहीत, जागेने शोधतात. वरून तिसरा म्हणजे मूर्तीवाले, पाचवा म्हणजे आत्या.

हे असं न विचारता का होतं? आणि तुमच्या घरी मोठ्या माणसांना तुम्ही याची सवय कशी करून देता?

मांडवीकाठ

कुळागर, तुमच्या बाबांचा हात ठीक आहे आणि फोनही ठीक आहे. हे त्यांना सगळ्यात आधी सांगा.

म्हापशाला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या आठवड्यात माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या छताचं) सामान घ्यायला आलेली माणसं पिशव्या दुकानाच्या पायरीवर ठेवून हाच प्रश्न विचारत होती. काहींनी तर डिस्प्ले गेला समजून बदलायला आणला होता. एकाही फोनची मी स्क्रीन बदलली नाही.

न विचारता का होतं, ते सांगतो. आपण सगळ्याला अपडेटच म्हणतो, पण त्यात तीन वेगळे प्रकार आहेत. फोनची मूळ सिस्टीम बदलते तेव्हा फोन विचारतो, बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तुम्हाला कळतं. दुसरा प्रकार ॲपचा. कॉल घेण्याचं ॲप हेही बाकीच्यांसारखंच एक ॲप आहे. प्ले स्टोअरमध्ये ऑटो-अपडेट चालू असलं की ते रात्री वायफायवर गुपचूप नवं होतं. तिसरा प्रकार लोकांना माहीतच नसतो. नवं रूप ॲपमध्ये आधीच येऊन बसलेलं असतं, आणि ते दिसायला कधी लागायचं हे बनवणारे दुरून ठरवतात. म्हणून काल रात्रीपर्यंत जुनं आणि सकाळी नवं. तुमच्याकडे हाच तिसरा प्रकार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक अँड्रॉइड फोनांत तो एकदमच झाला.

बाजूला सरकवायची पट्टी आणली त्यामागे कारण आहे. खिशातून फोन काढताना बोट आपसूक वर जातं आणि कॉल नकळत उचलला किंवा तोडला जातो. कारण खरं आहे, पण ते बाबांपर्यंत कुणी पोचवलं नाही.

आता उपाय. फोनचं ॲप उघडा, सेटिंग्जमध्ये जा, तिथे "इन्कमिंग कॉल जेश्चर" असं सापडेल. त्यात "सिंगल टॅप" निवडा. मग सरकवायचं कामच नाही. दोन बटणं येतात, एक उचलायचं, एक नाकारायचं. वयस्कर माणसांसाठी मी हेच करून देतो, कारण थरथरत्या हाताला सरकवण्यापेक्षा दाबणं सोपं.

काही जण ॲपचं चिन्ह दाबून धरून "ॲप इन्फो" मधून "अनइन्स्टॉल अपडेट्स" करतात. जुनं रूप परत येतं, नंबर जात नाहीत. पण ॲप फोनसोबत आलं होतं त्या अवस्थेला जातं, म्हणजे मधल्या काळातल्या दुरुस्त्याही जातात. ऑटो-अपडेट चालू राहिलं तर चार दिवसांनी पुन्हा तेच. मी ते सुचवत नाही.

सांजवात

मी निवृत्त शिक्षिका, डिचोलीची. कुळागर, तुझ्या बाबांचं "हातच चालेना झाला" वाचून डोळ्यांत पाणी आलं. हे मी स्वतः अनुभवलं आहे.

आमच्या घरी असं होतं. मुलगा येतो, फोन माझ्या हातातून घेतो, चार-पाच ठिकाणी टकटक करतो आणि "झालं गं आई" म्हणून परत देतो. त्याचं प्रेमच असतं, पण माझ्या हाताला काहीच कळलेलं नसतं. पुढच्या वेळी मी तिथेच अडते. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. पाटी मुलाच्या हातातून काढून घेऊन आपण अक्षर गिरवून दिलं तर अक्षर मुलाला येत नाही, आपल्यालाच येतं. फोनचंही तेच आहे. बदल करायचा तो त्याच माणसाच्या बोटाने, आपण फक्त शेजारी बसायचं.

आमच्या भजनी मंडळात आम्ही सात जणी आहोत. ऑगस्टात सगळ्यांची हीच गत झाली, तेव्हा मी एक केलं. भजनाआधी पंधरा मिनिटं आम्ही एकमेकींना फोन लावले. समोरच बसून! एकीने लावायचा, दुसरीने उचलायचा, ठेवायचा, पुन्हा लावायचा. प्रत्येकीने दहा वेळा उचलला. खरा फोन येतो तेव्हा घाई असते, भीती असते, समोरचा ठेवून देईल असं वाटतं. घाई नसताना हात शिकतो. तिसऱ्या दिवशी कुणालाच अडचण राहिली नाही.

दुसरं, वही. मी प्रत्येकीला वहीत फोनच्या पडद्याचं चित्र काढायला लावते. चौकोन काढायचा, हिरवं बटण कुठे ते हिरव्या पेन्सिलीने रंगवायचं, बाण दाखवायचा. अपडेट आलं की नवं चित्र, वर तारीख. जुनं खोडायचं नाही.

आणि अक्षरांबद्दल एक सांगते, कारण हे मला फार उशिरा कळलं. "फॉन्ट साइझ" आणि "डिस्प्ले साइझ" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने नुसती अक्षरं वाढतात, दुसरीने चिन्हं, बटणं सगळंच वाढतं. अँड्रॉइड १४ आलं २०२३ मध्ये, तेव्हापासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं करता येतं, आणि आधीच मोठी असलेली शीर्षकं त्या मानाने कमी वाढतात, त्यामुळे पान फाटल्यासारखं होत नाही. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी मी याच आधारावर वाचत होते. नवीन सगळंच वाईट असतं असं नाही.

खाजन

मी सरळ सगळी अपडेटं बंद केली आहेत. पेडणे तालुक्यात घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. गेल्या हंगामात मोठं अपडेट घेतलं आणि बुकिंगच्या ॲपचे संदेशच वाजेनात. पाहुणे दाबोळी विमानतळावर उतरून वाट बघत राहिले आणि मला पत्ता नाही. धंदा फोनवर चालतो, प्रयोग नकोत.

मांडवीकाठ

खाजन, नुकसान झालं हे खरंच वाईट झालं. पण सगळं बंद करू नका. दर महिन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या त्याच वाटेने येतात, आणि तुमच्याच फोनवर यूपीआय आहे, पाहुण्यांचे पैसे येतात. दार जुनं आणि कुलूप सगळ्यांना माहीत, असा तो फोन होतो.

संदेश न वाजण्याची कारणं बहुधा दोनच. बॅटरी वाचवायला सिस्टीम कमी वापरातल्या ॲपला झोपवते. हंगाम नसताना तुमचं बुकिंग ॲप चार महिने पडून असणार. त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीखाली "अनरिस्ट्रिक्टेड" करा. दुसरं, अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नवीन घेतलेल्या ॲपला सूचना दाखवायची परवानगी मागावी लागते. घाईत "नको" दाबलं असेल तर ते ॲप गप्पच बसणार. तसंच अँड्रॉइड ११ पासून बरेच महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढल्या जातात. त्यामुळे ऑक्टोबरात हंगाम सुरू व्हायच्या आधी ॲप एकदा उघडून सगळं तपासून घ्या.

खाजन

दुसरं कारणच निघालं. परवानगी बंद होती. आज शेजाऱ्याकडून चाचणीचा मेसेज घातला, वाजला. महिन्याच्या दुरुस्त्या चालू केल्या. मोठं अपडेट मात्र हंगाम संपल्यावर, मे महिन्याच्या शेवटी घेईन.

रानवाट

आम्ही सत्तरीतले. इथे पावसात दोन अडचणी. रेंज नसते आणि करंट कधी जाईल सांगता येत नाही. मोठं अपडेट एक-दोन जीबीचं असतं, ते अर्ध्यावर तुटतं. माझा प्रश्न असा की अपडेट चालू असताना करंट गेला, चार्जिंग संपलं, तर फोन कायमचा जातो का? आमच्या गावात सगळे याच भीतीने घेत नाहीत.

मांडवीकाठ

उतरवणं तुटलं तर काही होत नाही, रेंज आली की राहिलेलं पुढे चालू होतं. बसवण्याचं म्हणाल, तर बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनांत सिस्टीमला दोन जागा असतात. तुम्ही एकीवर काम करत असता, नवं दुसरीवर चढतं. ते पूर्ण झालं आणि फोन पुन्हा सुरू केला की तो नव्यावर जातो. नवं चालू झालं नाही तर जुन्यावर परत येतो. ही सोय २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून आली, पण सगळ्या कंपन्यांनी ती लगेच घेतली नाही, म्हणून जुन्या फोनात जपून. निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या आणि फोटोंची प्रत आधी काढून ठेवा, इतकं पुरे.

अपडेटनंतर दोन-तीन दिवस फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते. तो ॲप नव्याने बसवत असतो, फोटोंची यादी पुन्हा लावत असतो. त्या दिवसांत घाबरून फोन रिसेट करू नका. आठवड्यानंतरही तसंच असेल तर दुकानात या.

पारिजात

मडगावला परिचारिका आहे. दोन गोष्टी कळकळीने सांगते.

पहिली ११२ बद्दल. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनांत बाजूचं पॉवर बटण पाच वेळा पटापट दाबलं की आपत्कालीन कॉलची तयारी सुरू होते. जत्रेच्या गर्दीत माझ्या सासूबाईंच्या पर्समध्ये फोन दाबला गेला आणि आतून मोठा आवाज यायला लागला. त्या इतक्या घाबरल्या की फोन बंद करून ठेवला, रात्रीपर्यंत लावलाच नाही. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या पोलिसांनीही याच कारणाने चुकून येणारे कॉल खूप वाढल्याचं जाहीर सांगितलं होतं. सेटिंग्जमध्ये "सेफ्टी अँड इमर्जन्सी" मध्ये ते बदलता येतं. आम्ही बंद केलं नाही. सासूबाई दुपारी घरी एकट्या असतात, पडल्या-झडल्या तर हेच उपयोगी पडेल. त्यांना आवाज ऐकवला, चुकून लागलं तर पडद्यावर रद्द कसं करायचं ते त्यांच्याच हाताने करून घेतलं. आता भीती गेली.

दुसरी जास्त गंभीर. "तुमचं ॲप जुनं झालं, खालची फाईल घेऊन अपडेट करा" असे व्हॉट्सॲप संदेश येतात. वाहनाच्या दंडाच्या नावानेही येतात. नावाच्या शेवटी एपीके असलेली ती फाईल उघडून बसवली की फोनमधले एसएमएस आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटचे पैसे असेच गेले. फोन मध्येच बदलतो हे लोकांना माहीत झालंय, "अपडेट" हा शब्द अंगवळणी पडलाय, आणि चोर तोच शब्द वापरतात. खरं अपडेट संदेशातून, लिंकमधून येत नाही. ते फोनच्या सेटिंग्जमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्येच असतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करा. लाजेने दोन दिवस घालवू नका, पहिल्या काही तासांतच पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

सांजवात

पारिजात, हे मी उद्याच मंडळात वाचून दाखवते. १९३० वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगते.

दर्यावेळ

धागा वर काढतोय. वास्कोला राहतो, घरी आईकडे आयफोन आहे. सप्टेंबरात आयओएस २६ आलं. (१८ नंतर थेट २६, कारण आता आकडा येणाऱ्या वर्षावरून देतात. आईला वाटलं मधली सात अपडेटं आपण चुकवली.) सगळं काचेसारखं पारदर्शक झालं, मागचा फोटो पुढच्या अक्षरांतून दिसायला लागला. तिला काचबिंदू आहे, त्यामुळे अक्षर आणि पार्श्वभूमी वेगळी दिसलीच पाहिजे. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, "डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ" मध्ये "रिड्यूस ट्रान्स्परन्सी" चालू केलं, तेव्हा निम्मं काम झालं. नोव्हेंबरात २६.१ आलं, त्यात काच गडद करायची "टिंटेड" अशी निवडच दिली आहे. तीही लावली. आता तिचं वाचन व्यवस्थित चालतं.

इतक्या मोठ्या बदलासोबत हा पर्याय पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. कमी दिसणाऱ्या माणसाचे मधले दोन महिने परत येत नाहीत.

सॅमसंगवाल्यांसाठीही एक. वन यूआय ७ मध्ये (सॅमसंग फोनांची सिस्टीम) वरून पडदा ओढला की सूचना एका बाजूला आणि वायफाय, टॉर्च वगैरे दुसऱ्या बाजूला अशी वाटणी झाली आहे. टॉर्च सापडत नाही म्हणून माझी मावशी करंट गेल्यावर अंधारात बसून होती. उजव्या वरच्या कोपऱ्यातून ओढा, पेन्सिलीचं चिन्ह, "पॅनेल सेटिंग्ज", तिथे "टुगेदर" निवडलं की पूर्वीसारखं एकत्र होतं.

रानवाट

मोठं अपडेट घेतलं. वाळपईला बहिणीकडे वायफाय आहे, तिथे रात्रभर ठेवलं. फोन सुखरूप. देव बरें करूं.

कुळागर

सगळ्यांना एकेकट्याने उत्तर देता आलं नाही, माफ करा.

सांजवातबाई, तुमचं वाचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे मी ऑगस्टात रात्री बसून जे बदललं होतं, ते सगळं पुन्हा होतं तसं केलं. मग बाबांच्या शेजारी बसले आणि त्यांनीच सेटिंग्ज उघडून "सिंगल टॅप" निवडलं. पाऊण तास लागला. मध्ये दोनदा हात पुढे केला होता, मागे घेतला. त्यांनी पोथीच्या आकाराची एक वही केली आहे. त्यात नंबर जागेने नाही, नावाने लिहिलेत, आणि प्रत्येकापुढे कुठे दाबायचं त्याची खूण.

गेल्या महिन्यात फोनने मोठ्या अपडेटचं विचारलं. मी म्हटलं, बाबा, आजच करूया, मी आहे घरी. ते म्हणाले, "आता नको. तुळशीची लग्नं आटोपू दे. त्या दिवसांत फोन चुकून चालणार नाही." पंचांग बघून त्यांनीच दिवस काढला, ज्या दिवशी कुणाकडे काही नाही असा. चार्जर लावला, बटण त्यांनीच दाबलं आणि अंगणात जाऊन बसले.

फोन सुरू झाल्यावर मी ओट्यावरून त्यांना कॉल केला. पहिल्या खेपेलाच उचलला. मग म्हणाले, परत कर. असा सात वेळा करायला लावला.